सुनीतीवहिनींचे तीन दिवस

सुनीतीवहिनींची आठवण निघाली की सोनईतले लोक अजून म्हणतात, बाई फार सोसणारी होती. मला ते ऐकवत नाही. वहिनी सोसणाऱ्या वगैरे काही नव्हत्या. आपल्याला काय हवं आहे ते त्यांना नेमकं माहीत होतं आणि ते त्या गाजावाजा न करता घेत होत्या. एवढी अक्कल आमच्या घरात दुसऱ्या कोणाला नव्हती. ते घेणं बंद पडलं ते माझ्यामुळे. म्हणून त्यांच्याविषयी कोणी लिहायचंच असेल, तर ते मलाच लिहायला हवं.

मी नीलांबरी, त्यांची धाकटी जाऊ. १९७० च्या वैशाखात लग्न होऊन नगरहून सोनईला आले. मी बी.ए. होते, आणि समोरचा माणूस ही गोष्ट विसरला असेल अशी मला सारखी शंका यायची, म्हणून मी तिची अधूनमधून आठवण करून देत असे. घरात सासरे, विष्णुपंत, त्यांना आम्ही मामंजी म्हणत असू. नेवाशाच्या मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले, दोन्ही वेळची संध्या कधी चुकली नाही, सोवळं कडक. सासूबाईंचे गुडघे धरलेले. थोरले दीर दत्तोपंत खरेदी-विक्री संघाच्या कचेरीत होते आणि आमचे हे हायस्कुलात गणित शिकवीत. दत्तोपंतांची बायको म्हणजे सुनीतीवहिनी. त्या गावातल्या मराठी शाळेत तिसरीच्या वर्गाला होत्या, वर्गात बासष्ट मुलं. घरी त्यांची स्वतःची तीन. मी आले तेव्हा त्यांचं वय बेचाळीस-त्रेचाळीस असेल.

त्यांचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. नऊ माणसांचा स्वयंपाक, मामंजींच्या पूजेची तयारी, मुलांचे डबे, आणि मग अकराच्या आत शाळा. साडेपाचला परत आल्या की पायावर पाणी घेऊन पुन्हा चुलीपुढे. जेवणं आटोपली की वह्या तपासायच्या. हे सगळं त्या इतक्या मुकाट करीत की त्या घरात आहेत हे फक्त भाजीत मीठ नसलं तर कळावं, आणि मीठ कधी चुकत नसे. त्यांची मुलंसुद्धा त्यांच्याशी चालता चालता बोलायची, कारण आई एका जागी सापडतच नसे.

याला अपवाद महिन्यातले तीन दिवस. त्या दिवसांत वहिनी बाजूला बसत. मागच्या अंगणापलीकडे पूर्वी सरपण ठेवायची एक खोली होती, ती त्यासाठी रिकामी केलेली. एक चटई, एक घोंगडी, एक तांब्या, एक ताट, एवढंच सामान. कोणी त्यांना शिवायचं नाही, त्यांनी कशाला शिवायचं नाही. ताटात पोळी वरून टाकायची, तांब्यात पाणी वरून ओतायचं. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं आणि घरात यायचं. शाळेला जायची मात्र मुभा होती. शाळेत कोण कोणाला शिवलं हे देवापर्यंत पोचत नाही, असं मामंजींचं मत असावं.

मी पहिल्यांदा हे पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. शिकलेली, शाळेत शिकवणारी बाई, आणि तिला पोळी वरून टाकायची. माझ्या वेळी मी सरळ सांगितलं की मी असलं काही पाळणार नाही, आणि कोणता दिवस आहे तेही कोणाला सांगणार नाही. मामंजींनी महिनाभर स्वतःचा भात स्वतः शिजवला. भात रोज करपायचा. शेवटी ते कंटाळले आणि माझ्यापुरतं विचारणं त्यांनी सोडून दिलं. ही लढाई जिंकल्यावर मला वाटलं, आता वहिनींनाही सोडवावं.

वहिनी म्हणाल्या, "तुझं तू बघितलंस ना, चांगलं केलंस. माझ्यासाठी भांडू नकोस."

मी धरून चालले की त्या घाबरतात.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही दिसत होती आणि दिसूनही मी तिचा विचार केला नाही. त्या खोलीत वहिनी निराळ्याच असत. शाळेतून आल्या की चटईवर पाय लांब करून भिंतीला टेकून बसत. वाचनालयातून आणलेलं पुस्तक मांडीवर. कधी चक्क झोपत, भर दिवसा, तोंड किंचित उघडं ठेवून. त्यांची मुलं उंबऱ्याबाहेर रांगेत बसायची आणि वहिनी त्यांना गोष्टी सांगायच्या, शाळेतल्या हेडमास्तरांची नक्कल करायच्या. मुलं पोट धरून हसायची. हेडमास्तर पान खाऊन कविता कशी म्हणतात ते मीही त्यांच्याकडूनच ऐकलं. इतर सत्तावीस दिवसांत मी त्यांना हसताना पाहिल्याचं आठवत नाही.

आमच्याकडे रतनबाई दूध घालायला यायची. वस्तीवर त्यांचं शेत, चार म्हशी, घरात सात-आठ माणसं. एकदा वहिनींना खोलीत बसलेलं बघून ती मला म्हणाली, "तुमच्या थोरल्या बाईंचं लई बरं हाय. तीन दिस कुनी हाक मारीत न्हाई. आमी त्या दिसांत बी खुरपायला जातोच की. निस्तं देवाला शिवायचं न्हाई, येवढंच."

मी तिला विटाळ हा कसा खुळा समज आहे यावर पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. तिने ऐकून घेतलं, दूध मोजून दिलं आणि गेली.

आता माझ्या तत्त्वांबद्दल एक खरी गोष्ट सांगून टाकते. वहिनी बाजूला बसल्या की त्यांचं सगळं काम माझ्यावर येई. सासूबाई ओट्याशी पाच मिनिटं उभ्या राहू शकत नसत. १९७१ च्या पावसाळ्यात मला मुलगा झाला, आणि तो रडका होता. एका हाताने त्याला सावरत मी पोळ्या लाटायची आणि अंगणापलीकडे वहिनी पुस्तकाचं पान उलटायच्या. मी समाजसुधारणेच्या नावाखाली चिडत असे, पण त्यात निम्मी चीड पोळ्यांची होती.

त्याच वर्षी मार्गशीर्षात माझ्या लक्षात आलं की वहिनी पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा बसल्या आहेत. मला काळजी वाटली. त्या वयात असं होतं, कधी ते दुखण्याचं लक्षण असतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मी खोलीत गेले, शिवायचं नाही वगैरे मी मानत नव्हतेच, आणि त्यांच्याजवळ चटईवर बसून विचारलं की डॉक्टरांना दाखवायचं का.

वहिनींनी पुस्तक मिटलं. मग हळूच म्हणाल्या, "मला दीड वर्ष झालं, काहीच नाही. बंद झालंय."

मला काही कळेना. "मग इथे कशाला बसता?"

"दमले की बसते."

त्या हे इतक्या साध्या सुरात म्हणाल्या की मला हसू फुटलं. त्याही हसल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. बंद झालं तेव्हा, आता मरेपर्यंत एकही दिवस आपला नाही, एवढाच विचार मनात आला. दोन महिने तसेच काढले. तिसऱ्या महिन्यात वर्गात फळ्यापुढे उभ्या असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी दारातूनच सांगितलं की मी बाजूला आहे, आणि थेट या खोलीत येऊन झोपल्या. तेव्हापासून त्या ठरवून बसत होत्या. सणावारी नाही, घरात कोणी आजारी असताना नाही, सासूबाईंचे गुडघे फार ठणकत असतील तेव्हा नाही. बाकी आपल्या अंगाकडे बघून त्या दिवस ठरवायच्या.

"विश्रांती ठरवून घ्यावी लागते, नीला," त्या म्हणाल्या. "कोणी देईल म्हणून वाट बघत राहिलं तर आयुष्य जातं. माझी आई तशीच गेली."

"पण सरळ सांगायचं की, मला दमायला होतं म्हणून."

"सांगून बघ तू एकदा," वहिनी म्हणाल्या, आणि पुन्हा पुस्तक उघडलं.

मला त्यांचं केवढं कौतुक वाटलं. ज्या रूढीला मी शिव्या देत होते, तिलाच या बाईने कामाला लावलं होतं. मी कोणाला सांगणार नाही अशी बाळाची शपथ घेतली. त्यांनी शपथ घे म्हणून म्हटलंही नव्हतं.

पुढच्या माघात, म्हणजे १९७२ च्या सुरुवातीला, मामंजींच्या वडिलांचं श्राद्ध आलं. त्याच्या आधीच्या आठवड्यात वहिनींच्या शाळेची तपासणी होती. त्या आठवडाभर दिवे लागल्यावर घरी येत होत्या, तक्ते रंगवीत होत्या, आणि त्यांना खोकलाही झाला होता. श्राद्धाच्या आदल्या दिवशी शाळेतून आल्या त्या अंगणातूनच म्हणाल्या, मी बाजूला आहे. असल्या दिवशी त्या कधीच बसल्या नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं असतं तर मला कळलं असतं की त्यांच्यात उभं राहायची ताकद उरली नव्हती. मी फक्त एवढंच पाहिलं की उद्या नेवाशाहून पाहुणे यायचे आहेत, पानं वीस आहेत आणि माझ्या बाळाला ताप आहे.

सकाळी मी न्हाऊन स्वयंपाकघरात आले. मामंजी दारात उभे होते. श्राद्धाचा स्वयंपाक, म्हणून त्यांनी वर्षभराने पहिल्यांदा मला विचारलं, "तुझं काही नाही ना?"

नव्हतंच काही. नाही म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण मी म्हटलं, हे विचारायचा तुम्हाला हक्क नाही. ते म्हणाले, पितरांचा प्रश्न आहे. मी म्हटलं, पितरांना येऊन मला विचारू द्या. आवाज चढत गेले. पलीकडे बाळ रडत होतं. हे मध्ये पडायला आले, त्यांना मी गप्प बसवलं.

मामंजी म्हणाले, "थोरलीकडे बघ जरा. पंचवीस वर्षं झाली, एकदा सांगावं लागलं नाही. ती पाळते म्हणून या घरात पितर जेवतात."

आणि मी म्हणाले, "त्या काही पाळत नाहीत. त्यांना दोन वर्षांत काही झालेलंच नाही. दमल्या की त्या बाजूला बसतात. तुमचा विटाळ तुम्हाला एवढाच कळतो."

बोलून झालं आणि मला पहिल्यांदा दिसलं की अंगणापलीकडचं दार उघडं आहे. दत्तोपंत धोतराचा सोगा हातात धरून तसेच उभे राहिले. सासूबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला.

थोड्या वेळाने न्हाणीघरात पाणी ओतल्याचा आवाज आला. वहिनी ओल्या केसांनी, सोवळ्याचं लुगडं नेसून स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी माझ्या पुढ्यातली परात ओढून घेतली आणि वड्यांचं पीठ कालवायला सुरुवात केली. मी तिथेच उभी होते. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाळाकडे जा. ताप आहे ना त्याला."

त्या दिवशी वीस पानं वेळेवर उठली.

वहिनींना कोणी रागावलं नाही, हे मला मुद्दाम सांगायला हवं. आमचं घर वाईट नव्हतं. मामंजींनी दुसऱ्या दिवशी एवढंच म्हटलं की मग देवघरात यायला तिला हरकत नाही. दत्तोपंत बिचारे खजील झाले. ते बायकोला म्हणाले, "एवढं होत होतं तर मला सांगायचंस." वहिनींनी विचारलं, "सांगितलं असतं तर काय केलं असतं?" महिन्याभरात ती खोली पुन्हा सरपणाने भरली. सासूबाईंनीच भरून घेतली, सहज, जागा रिकामी दिसली म्हणून.

रतनबाईच्या कानावर हे गेलंच. तिने मला विचारलं, "तुमी सांगितलं व्हय?"

मी हो म्हटलं.

"आमच्यातली बाई असती तर जिभंवर निखारा ठिवला असता, पर बोलली नसती," ती म्हणाली. मला त्या दिवशी तिला व्याख्यान द्यायचं सुचलं नाही.

मी वहिनींच्या पाया पडले, रडले. त्या म्हणाल्या, जाऊ दे, कधीतरी कळणारच होतं. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे ते दुरुस्त करायला निघाले. सगळ्यांना एकत्र बसवून जाहीर केलं की दर रविवारी वहिनींनी कामाला हात लावायचा नाही. सगळ्यांनी मनापासून माना डोलावल्या. पहिल्या रविवारी खरंच काही करू दिलं नाही. दुसऱ्या रविवारी दत्तोपंतांचे मित्र जेवायला आले आणि त्यांना वहिनींच्याच हातची आमटी हवी होती. तिसऱ्या रविवारी मुलांची परीक्षा तोंडावर आली. चौथ्या रविवारी वहिनी पाचला आपणच उठल्या आणि पुढे तो विषय कोणी काढला नाही. तेव्हा कुठे मला कळलं की आमच्या घरात विटाळाला सगळे भीत होते. बाई दमली याला भिणारं कोणी नव्हतं, आणि त्यात मीही आले.

त्या वर्षी पाऊस पडला नाही. आधीचंही वर्ष कोरडंच गेलं होतं. दिवाळीपर्यंत आमचा आड आटला, मग गल्लीतला आटला, आणि दोन दिवसांआड टँकर यायला लागला. वहिनी शाळेच्या आधी रांगेत उभ्या राहत, कारण माझ्या कडेवर मूल. दोन घागरी आणल्या की धापा टाकत भिंतीला धरून उभ्या राहत. घरात रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या, त्या थापता थापता तुटायच्या, त्यात निम्मा वेळ जायचा. शाळा सुटली की दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्यांच्या पोरांना सुकडी, म्हणजे सरकारकडून आलेला पौष्टिक खाऊ, वाटायचं काम शिक्षकांवर होतं. पोरं शेकड्यांनी यायची. वहिनी ओळी लावायच्या, मापाने सुकडी घालायच्या, भांडणं सोडवायच्या, आणि अंधार पडताना घरी यायच्या. तपासणीच्या वेळचा खोकला गेलाच नव्हता. गावातल्या डॉक्टरांनी लाल औषधाच्या बाटल्या दिल्या, त्या चार-पाच संपल्या. त्यांची पोलकी खांद्यावरून उतरायला लागली. मी विचारलं की त्या म्हणायच्या, धूळ आहे गं, सगळ्यांनाच आहे.

डिसेंबरात त्यांच्या थुंकीत रक्त दिसलं. दत्तोपंतांनी नगरला नेऊन छातीचा फोटो काढला. क्षय होता, दोन्ही बाजूंना.

नगरच्या बाहेर माळावर क्षयाचं एक इस्पितळ होतं, तिथे त्यांना ठेवलं. मी दर पंधरा दिवसांनी रविवारी एस.टी.ने जात असे. लांब व्हरांडा, ओळीने खाटा, समोर वाळलेलं गवत. वहिनींचं ताट वेगळं, पेला वेगळा, पाहुण्यांनी खाटेपासून लांब बसायचं. मुलांना आत सोडत नसत, ती फाटकापाशी उभी राहून हात हलवायची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा रडायच्या तयारीनेच गेले होते. वहिनी पाय लांब करून उशीला टेकून बसल्या होत्या आणि मांडीवर पुस्तक होतं. दुसऱ्या महिन्यात त्यांच्या गालांवर थोडं मांस आलं. शेजारच्या खाटेवरची अकोले तालुक्यातली मालनबाई भंडारदऱ्याच्या पाण्याच्या गोष्टी सांगायची, त्या दुष्काळात ते ऐकायलासुद्धा गार वाटायचं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांची नक्कल वहिनींनी मला करून दाखवली. मी हसले, आणि एस.टी.त बसल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या खोलीनंतर त्यांना असं पहिल्यांदाच पाहिलं.

मार्चमध्ये एकदा त्यांनी मला केसांच्या आकड्यांसाठी पावडरीचा डबा उघडायला सांगितला. तिथे दोन डबे होते. मी चुकीचा उघडला. त्यात आकडे नव्हते, गोळ्या होत्या. तीस-चाळीस असतील. सुई रोज सकाळी नर्स टोचायची, पण गोळ्या ज्याच्या त्याच्या हातात देऊन ती पुढे जायची.

वहिनींनी डबा माझ्या हातून काढून घेतला. "मळमळतं त्यांनी," त्या म्हणाल्या. मग मालनबाई झोपली आहे का बघून हळूच म्हणाल्या, "आणि फोटो चांगला आला तर हे मला महिनाअखेर घरी पाठवतील. या उन्हाळ्यात घरी जाऊन काय करू? टँकरच्या रांगेत उभी राहू? पाऊस पडू दे. तोवर एक दिवसाआड घेते. मग नीट घेईन सगळ्या."

"वहिनी, हे दुखणं काही तसलं नाही."

"मला बरं वाटतंय गं. तुला दिसत नाही का?"

दिसत होतं. तेच तर कठीण होतं.

मी निघताना त्या म्हणाल्या, "या वेळी सांगू नकोस हं." त्या हसत होत्या. त्यांच्या मनात टोचून बोलायचं अजिबात नव्हतं, पण मला ते जिव्हारी लागलं.

व्हरांड्याच्या टोकाला डॉक्टरांची खोली होती. मी दारात जाऊन उभी राहिले. डॉक्टर काहीतरी लिहीत होते. त्यांनी वर बघून विचारलं, "काय हवंय?" मी म्हणाले, "सोनईची गाडी किती वाजता आहे?" त्यांनी मला शिपायाकडे पाठवलं. गाडीत बसल्यावर मला रुखरुख वाटली हे खरं आहे. पण त्याहून जास्त मला बरं वाटलं हेही खरं आहे. एकदा तोंड उघडून मी या बाईचं सगळं काढून घेतलं होतं, या वेळी मी शहाणी झाले होते. मी तीन महिने शहाणी राहिले. दर खेपेला डब्याकडे बघायचं टाळलं.

आषाढात पाऊस झाला. खाटा कमी होत्या, म्हणून वहिनींना घरी पाठवलं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं की सहा महिने पूर्ण विश्रांती, वेगळी खोली, वेगळी भांडी. मामंजींनी तो कागद देवघराशेजारी लावला. सरपण काढून खोली सारवली, खाट टाकली, आणि त्या कागदातलं अक्षर न् अक्षर घराने पाळलं. क्षयाला सगळे भीत होते. मी आणि त्यांची थोरली मुलगी मिळून स्वयंपाक करायचो. वहिनींनी आता सगळ्या गोळ्या वेळच्या वेळी घ्यायला सुरुवात केली, मीच मोजून द्यायची.

गौरी-गणपतीनंतर ताप चढायला लागला, तो उतरेना. नगरचे डॉक्टर मुद्दाम घरी आले. ते दत्तोपंतांना म्हणाले, "औषध लागू पडत नाही. गोळ्या मध्ये सुटल्या होत्या का? सुटल्या की हे दुखणं औषधाला दाद देत नाही."

दत्तोपंत म्हणाले, "छे. ती फार नियमित आहे."

मी चहाचे कप घेऊन शेजारीच उभी होते. मी कप खाली ठेवले आणि आत गेले.

पुढे तीन आठवडे वहिनी होत्या. शेवटी शेवटी त्यांना बोलताना धाप लागायची, म्हणून त्या फारसं बोलत नसत. एका दुपारी मी तांब्या घेऊन त्यांच्या उशाशी बसले होते. मुलं शाळेत गेली होती. मला वाटलं त्या झोपल्या आहेत. त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "त्या गोळ्यांचं तू कोणाला बोलली नाहीस ना?"

मी म्हटलं, "नाही वहिनी. कोणालाच नाही."

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाल्या, "सांगायचंस गं."

त्यांनी पाणी मागितलं. मी त्यांची मान उचलून धरली आणि त्यांना पाणी पाजलं.